माळावरचे बारा खांब

प्लेगनं आमच्या सासूबाई नेल्या. त्यानंतर गल्लीतल्या घरात परत जायला कुणाचाच पाय वळेना. तेव्हा गादीवर शाहू महाराज होते, साथ फिरून फिरून यायची, आणि माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हातकणंगल्याच्या वरच्या अंगाला आमचा माळ होता, तिथं झोपडी घालून आम्ही राहत होतो. मी, माझे मालक गोमटेश आणि सासरे बाबासो. त्यांना सगळे अण्णा म्हणत. एके सकाळी अण्णा म्हणाले, "आता हितंच घर बांधायचं."

माळ म्हणजे नुसता काळा खडक, तोही उतरता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. पायासाठी सुरुंग लावा, असं जो तो सांगायचा. पण खाली पन्नास पावलांवर आमची विहीर होती आणि तिचा झरा याच खडकातून येत होता. सुरुंगानं तो भलतीकडं वळला तर प्यायचं काय?

अण्णांनी मौलालीचाचांना बोलावलं. साठीचा गवंडी, अंगानं काटक. अनवाणी सगळा खडक फिरून आले आणि म्हणाले, "पाया खणायचाच कशापायी? खडक हायच की. त्यावर दगडी पाय उभं करू, पायावर लाकडी खांब, खांबावर घर. उतार हाय तिथं पाय उंच, चढ हाय तिथं बुटका. खालनं वारं जाईल. उंदराला लपायला जागाच ऱ्हाणार न्हाय."

उंदराचं नाव निघालं आणि अण्णांचं ठरलं.

बारा पाय, चारच्या तीन ओळी. खडक खरवडून, धुवून काढायचा, छिन्नीनं त्यात वीतभर बैठक खोदायची, घडीव दगड चुन्यात बसवायचे. मग पाणसळ लावून सगळ्यांची डोकी एका पातळीत आणायची. मी पाण्याच्या घागरी वाहायची. दुपारी चाचांची बायको इमामबीचाची भाकरी घेऊन यायची. जेवणं झाली की ती लहान हातोडी घेऊन खडकावर ठोकत फिरायची आणि चाचा उकिडवे बसून तिच्या तोंडाकडं बघायचे. तिनं मान हलवली की तिथं चुन्याची खूण. मला वाटायचं, म्हातारा-म्हातारीचा हा काही खेळ असेल.

एकदा मी मागून तीनदा हाक मारली, "चाचा, पाणी!" त्यांनी वळून पाहिलंच नाही. ते चाचीनं बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"वीस वरसं सुरुंगाच्या कामावर व्हते. कान गेले. माणसाच्या ओठावरनं वळखत्यात, पण दगड काय ओठ हलवतोय व्हय? कुणाला सांगू नगंस, पोरी. भैऱ्या गवंड्याला काम कोण देणार?"

मी नाही सांगितलं. मग तिनं मलाही शिकवलं. भरीव खडक टण्ण बोलतो, खाली पोकळी असली की बद्द वाजतो. मी तिच्या मागं मागं फिरायला लागले.

अकरा पाय झाले. बारावा राहिला, उताराकडचा कोपरा. तेवढ्यात चाची तापानं पडली. चाचांनी तीन दिवस वाट पाहिली आणि शेवटी एकट्यानंच जागा धरून पाय उभा केला. दुसऱ्या दिवशी गुंडू सुतार ऐनाच्या लाकडाचा खांब चढवणार होता. उन्हं उतरताना मी सहज हातोडी उचलली आणि त्या पायाशेजारचा खडक ठोकला. बद्द. पुन्हा ठोकला. बद्द. अकराव्यापाशी गेले. टण्ण.

बोलावं तर चाचांचं गुपित फुटणार, न बोलावं तर घराचा कोपरा खचणार. आणि सासऱ्यांसमोर तोंड उघडायची तर सोयच नव्हती. शेवटी मी चाचांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "चाचा, कोपरा बद्द वाजतोय."

त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं. "चाचीनं शिकीवलं?"

मी मान हलवली. ते दगडावर तळवा ठेवून बराच वेळ बसून राहिले.

सकाळी गुंडू चार गडी आणि खांब घेऊन आला. चाचा आडवे आले. "थांब गुंडू. ह्यो पाय काढायचा हाय."

"काल बसवलासा आन् आज काढायचा?" गुंडू तडकला. "खांब मापानं कापलाय की मी!"

"चूक माझी हाय. अण्णा, मला ऐकू येत न्हाय. चार वरसं झाली. आजवर इमामबीनं ऐकलं, काल तुमच्या सुनंनं ऐकलं."

गड्यांनी पाय उतरवला, घण घातला. तिसऱ्या घावाला वरचा थर फुटला. खाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी भेग होती.

अण्णा त्या भेगेत बघत राहिले. आता चाचांना घालवतील नाहीतर मला बोल लावतील, म्हणून मी पदर गच्च धरून उभी होते. अण्णांनी मान वर केली आणि माळ दणाणेल अशा आवाजात ओरडले, "मौलाली! मग दगड कुठं बसवायचा, ते सुनंला इचार की!"

पहिल्यांदा हसला तो गुंडू. सगळ्यांच्या देखत मी खडक ठोकत गेले. दीड हात आत, चढाकडं, टण्ण आवाज आला. तिथं पाय बुटका लागला खरा, पण डोकं पहिल्याच पातळीला आलं, त्यामुळं गुंडूचा खांब तसाच चालला. त्यानं तुळई तेवढी दीड हात आखूड केली, तीही पुटपुटत.

त्या दिवसापासून सगळेच चाचांशी ओरडून बोलायला लागले. मीही. सुनेचा आवाज माळभर जायचा, आणि अण्णा कधी रागावले नाहीत. चाची बरी होऊन आली तेव्हा सगळ्यांचं ओरडणं ऐकून तिनं आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसली.

घर झालं त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आम्ही सगळे फळ्यांच्या नव्या जमिनीवर जेवलो. पुढं चाचा-चाची दोघं लेकीकडं, जरीनाकडं कुरुंदवाडला राहायला गेली. चाचा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. कळलं तसं मी मालकांना गाडी जुंपायला लावली. चाची दारातच बसली होती. डोळे अधू झाले होते. मी हळूच हाक मारली, तर नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "चंदना, जरा मोठ्यानं बोल गं. घरात लई शांत वाटतंय."

मी तिन्हीसांजेपर्यंत तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत बसले.