एका दोरीच्या दोन झोळ्या

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझी कन्या पंकजा नगरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करीत आहे, हे येथे समाधानपूर्वक नमूद करतो.

यामिकीच्या, म्हणजे मेकॅनिक्सच्या, मागील सेमिनारात तिने फळ्यावर समीकरण अचूक मांडले होते. परंतु भागवत सरांनी, "आता तुमच्या शब्दांत सांगा," असे म्हणताच तिची वाचाच बसली. सर एवढेच म्हणाले, "बसा." त्या शब्दाचा तिने इतका धसका घेतला की, येत्या सोमवारी पुन्हा तसेच घडल्यास शिक्षण सोडावयाचे, असा तिने निश्चय केला.

रविवारी ती गावी आली व ओट्यावर वही उघडून बसली. मी विचारले, "गणित अवघड हाय का?"

"गणित सुटलंय, अप्पा. एका सैल दोरीला दोन लंबक टांगायचे. एकाला झोका दिला की थोड्या वेळानं तो आपोआप थांबतो आणि दुसराच झुलायला लागतो. मग पुन्हा उलट. लॅग्रांजच्या रीतीनं उत्तर बरोबर येतं, पण डोळ्यांपुढं काहीच येत नाही."

माझी पत्नी लंकाबाई सुपात मटकी निवडत होती. ती खुदकन हसली. "याच्यासाठी कालेजात जावं लागतं व्हय? अगं, तू आन बजरंग त्याच्यातच वाढलात की!"

तिचे म्हणणे सत्य होते. आमची ही जुळी लेकरे तान्ही असताना आम्ही संगमनेरकडे ऊसतोडीस जात असू. फडाच्या कडेला दोन बाभळींमध्ये एक दोरी बांधून तिलाच दोन झोळ्या टांगीत असू. लंकाबाई एका झोळीस झोका देऊन कोयता हाती घेई. पुढचे काम दोरी करी.

मी तत्काळ लिंब आणि फाटकाचा खांब यांमध्ये दोरी बांधली. ज्वारीच्या दोन पिशव्या टांगून एकीस झोका दिला. दुसरी हलली खरी, परंतु पहिली काही थांबेना. पंकजाचा चेहरा उतरला.

"तुमाला कधी झोळी बांधता आली का?" लंकाबाई मला म्हणाली. "वजनं सारखी करा की! बजरंग गुटगुटीत आन ही निस्ती काडी. हिच्या झोळीत मी फडक्यात गुंडाळून दगुड ठिवायची."

"आई! माझ्याजवळ दगड?"

"मग! तुझं पहिलं खेळणं त्ये."

हलक्या पिशवीत दगड पडला आणि दोरी कामास लागली. पहिली पिशवी मंदावत स्थिर झाली, दुसरी डुलू लागली, पुन्हा पहिली. पंकजा वहीकडे पाहून म्हणाली, "मी दोन्हीकडं एकच वस्तुमान लिहीत होते. का, ते कधी विचारलंच नाही."

सोमवारी आम्ही उभयता तिच्यासोबत नगरला गेलो आणि वर्गाबाहेर खिडकीपाशी उभे राहिलो. पंकजाने दोन बाकांमध्ये दोरी बांधून पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या टांगल्या व एकीस झोका दिला. ती बाटली स्थिर होऊन दुसरी झुलू लागताच सरांनी विचारले, "हिचा झोका कुठं गेला?"

"दोरीतून शेजारच्या झोळीत, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आणि दोन्ही एकदम सोडल्या तर?"

"तर कुणी कुणाला काही देत नाही. दोघी बरोबरीनं झुलतात."

सरांनी पुढे येऊन दोन्ही बाटल्या स्वतः सोडून पाहिल्या. मग पुन्हा एकच सोडली. तास संपल्याची घंटा झाली तरी ते तेथेच उभे होते. पंकजालाही त्यांनी बसा म्हटले नाही. "पुढच्या आठवड्यात तीन लंबक घ्या," असे सांगितले.

बाहेर आल्यावर ती वहीत काहीतरी लिहू लागली. मधेच थांबून तिने विचारले, "आई, तू आम्हा दोघांना एकदम झोका का देत नव्हतीस?"

"एकदम दिला असता तर एकदमच थांबला असतात," लंकाबाई म्हणाली, "आन एकदमच भोकाड पसरलं असतं."

पंकजाने तेही लिहून घेतले.