डूख धरलेली घोळकाठी

मित्रांनो, मी तलासरीकडच्या एका पाड्यावरची जुनी घोळकाठी आहे. तारपा नाचात रांगेच्या सर्वांत पुढे जो असतो, त्याच्या हातात मी असते. त्याने मला जमिनीवर आपटलं की माझ्या लोखंडी कड्या खुळखुळतात आणि सगळी रांग पाय बदलते. लोक म्हणतात, लाकडाला राग येत नाही. साफ खोटं! मला आला होता, आणि मी तो जपून ठेवला होता.

मला चिमणमामाने घडवलं. बांबू त्याने स्वतः निवडला, कड्या मोडक्या बैलगाडीच्या लोखंडातून करवून घेतल्या. मामा मधोमध उभा राहून भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकायचा. भाताची कापणी झाली की अंगणात नाच रंगायचा. नियम एकच होता, तारप्याला पाठ दाखवायची नाही.

२०१६ साली मामाची भाची योगिता मला डहाणूच्या कॉलेजात घेऊन गेली. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तारपा नाचायचा, ही तिचीच कल्पना. मुलं तरी कुठली कुठली! कुणी धाकट्या डहाणूची, कुणी वाणगावची, कुणी रेल्वे क्वार्टर्समधली. कुणाचा पाय कुणाशी जुळेना. योगिता ओरडायची नाही. मला घेऊन पुढे चालायची आणि मान वळवून सारखी रांगेच्या शेपटाकडे बघायची. रांग वळते तेव्हा शेवटच्या गड्याला सर्वांत लांबून धावावं लागतं. तो मागे पडला की ती मला हळू आपटायची. बघता बघता सगळी रांग एका जिवाने फिरू लागली.

स्पर्धा जवळ आली आणि सुदर्शन उगवला. विद्यार्थी मंडळाचा सचिव, कुणा बड्या साहेबांचा मुलगा, बोलण्यात पटाईत.

"सर, पुढे मी राहतो. योगिता स्टेजवर उठून दिसत नाही. लीडरशिप दिसली पाहिजे ना!"

महोत्सवाचं बघणाऱ्या सरांनी मान डोलावली. त्याने मला योगिताच्या हातातून ओढून घेतलं. तिचे डोळे भरून आले, तरी ती शेपटाला जाऊन उभी राहिली. आणि त्या दीडशहाण्याने शोभेसाठी माझ्या कड्यांना सॅटिनच्या रिबिनी गुंडाळल्या! माझा आवाजच बसला. तेव्हाच मी डूख धरला.

स्पर्धेत तारपा वाजवायला चिमणमामा आला होता. नाच सुरू झाला, समोर कॅमेरा चमकला आणि सुदर्शन हसत परीक्षकांकडे वळला. पाठ थेट तारप्याकडे. मामाने तारपा तोंडातून काढला.

"मामा, वाजवा ना!" सुदर्शन म्हणाला.

"पाठ दाखवलीस. आता नाही वाजायचा."

रांगेतली मुलं एकमेकांवर आदळली. सभागृहात हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पण बाहेर येऊन सुदर्शन सरांना सांगतो कसा, "शेपूट नीट चाललं नाही, सर. योगितामुळे घालवलं." मग त्याने मला कॉलेजच्या अडगळीत झाडूंच्या मागे भिरकावून दिलं. तिथे वर्षभर वाळवी मला कुरतडत होती आणि मी एकच घोकत होते, हा एकदा शेपटाला उभा राहू दे.

पुढच्या वर्षी मुलं सरांपुढे अडून बसली. योगिता पुढे नसेल तर आम्ही नाचणार नाही! पहिल्या तालमीला मी पुन्हा तिच्या हातात आले. तिने रिबिनी टराटरा फाडल्या. तेवढ्यात सर्टिफिकेटच्या आशेने सुदर्शनही आला.

"ये की," ती गोड हसली. "शेपटाला जागा आहे."

आता सापडलास बच्चमजी! योगिताने मला जोरजोरात आपटलं. मीही जीव तोडून खुळखुळले. रांग गरकन वळली. शेपूट फरफटलं, सुदर्शनची चप्पल उडाली.

"हळू घे गं!" तो ओरडला.

योगिताने मुद्दाम मागे पाहिलं नाही. शेवटी तो धाडकन गुडघ्यांवर आपटला, तेव्हा ती थांबली.

"गेल्या वर्षी कुणामुळे हरलो? सांग सगळ्यांना."

"माझ्यामुळे," तो धापा टाकत म्हणाला.

योगिताने त्याला हात देऊन उठवलं. ती माणूस आहे, तिने माफ केलं. मी नाही केलं.

मित्रांनो, मला तेल लावा, वाळवीपासून जपा. उद्या मी तुमच्याही हातात येईन. तेव्हा मान वळवून शेवटच्याकडे बघा. ते जमत नसेल तर मला खाली ठेवा. नाही ठेवलंत, तर शेपटाला जागा आहेच.