मोसंबीवरचा लेप

देठ अजून हिरवा होता. अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिला तरी तुटला नाही, आणि सालीवर लेपाची ती पुसटशी चकाकी – नुकतंच तोंड धुऊन आलेल्या पोराच्या गालावर असते तेवढीच... गजाननने मोसंबी नाकाशी नेली. सगळी मेख इथंच होती. महिना उलटून गेला, तरी आंबूस वास नाही. जुन्या लेपाचं फळ एव्हाना बाहेरून नवरदेव आणि आतून ताडीचं मडकं झालं असतं. त्याने फळ पुन्हा पिशवीत ठेवलं आणि रिक्षाबाहेर पाहिलं. जुन्या जालन्याच्या गल्लीत धान्याच्या पोत्यांनी भरलेला एक हातगाडा आडवा आला होता आणि रिक्षावाला गाडेवाल्याशी मोठ्या प्रेमाने भांडत होता.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून अंतराचा फोन आला.

"सर, पोहोचलात?"

"पोहोचतोच आहे."

"फळ दाखवा, वास घेऊ द्या, खाऊसुद्धा द्या. फक्त... लेपात काय घातलंय ते कुणालाही नका सांगू. नव्या लेपाच्या पेटंटचा अर्ज सोमवारी दाखल होतोय."

"नाही सांगत गं."

"मागच्या वेळी पण, सर –" ती म्हणाली आणि थांबली.

ती थांबली नसती तर बरं झालं असतं. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर आपणही काहीतरी बोललो असतो. पण ही पोरगी नेहमी मध्येच थांबते, आणि उरलेलं वाक्य मला एकट्यालाच पुरं करावं लागतं... पुण्याची नोकरी सोडून ती या प्रकल्पात राहिली होती. घरच्यांना दरवर्षी 'यंदा होईल' म्हणून सांगत आली होती. मग पहिल्या लेपाचं पेटंट नाकारलं गेलं, आणि त्या दिवशी तिने प्रयोगशाळेतली सगळी काचेची भांडी धुऊन ठेवली – एकटीने, न बोलता. गजानन दारात उभा राहून नुसता पाहत होता.

झालं होतं ते एवढंच. मोसंबी काढणीनंतर टिकावी म्हणून सरकारने विद्यापीठाला पैसे दिले होते. बाभळीच्या डिंकाचा लेप तयार झाला, पेपरात दोन ओळी आल्या आणि हसनाबादच्या बागायतदारांनी सत्काराला बोलावलं. शाल, नारळ, फेटा. फेटा कडूबा नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराने स्वतः बांधला, जरा घट्टच. पेटंटचा अर्ज तेव्हा सहीसाठी विद्यापीठात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. गजानन भाषणाला उभा राहिला तेव्हा ठरवून आला होता, आभार मानायचे आणि बसायचं. पण समोर एवढी माणसं... शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही आईची शिस्त. एवढ्या मानाच्या बदल्यात नुसते आभार? त्यात कडूबाने विचारलं, "सर, पर सुकल्यावर डिंक तडकत न्हाई का?" आणि तो का तडकत नाही, हेच तर सगळं संशोधन होतं. गजाननने सांगितलं. अगदी सविस्तर, हातवारे करून, फळ्यावर लिहावं तसं. टाळ्या पडल्या. कुणीतरी ते भाषण मोबाइलवर घेतलं आणि कौतुकाने जगाला दाखवलं.

पेटंट तपासणाऱ्याला तोच व्हिडिओ सापडला. अर्जाआधीच जगजाहीर झालेली गोष्ट नवी कशी म्हणायची? नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं.

खरं सांगायचं तर गजाननला पहिले काही दिवस वाईट वाटलंच नव्हतं. उलट आतून थोडा ताठा होता. सरकारी पैसा म्हणजे या लोकांचाच पैसा, त्यातून सापडलेलं त्यांना सांगितलं, तर चोरी कसली? वापरा की सगळ्यांनी... पण कुणीच वापरलं नाही. घरच्या चुलीवर लेपाच्या गाठी होत, फळ डागाळे. मोठं यंत्र हवं, त्यात पैसा घालणारा हवा, आणि पैसा घालणारा म्हणे, जे उद्या शेजारीही करणार त्यात मी का मरू? सगळ्यांचं झालं आणि बेवारस झालं. पुढच्या बहाराला रस्त्याकडेला सडक्या मोसंब्यांचे ढीग तसेच पडले. त्यांच्यावरून जाताना गजाननने गाडीची काच वर केली होती, आणि त्याची त्याला अजून लाज वाटत होती.

हरिओमच्या शेडमध्ये फळं धुणारा पट्टा खडखडत होता. हरिओम मोसंबीचा व्यापारी, तरुण, हिशेबी, पण माणसाला मान देणारा. त्याने मोसंबी कापली, वास घेतला, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"एक नंबर, सर. कालची तोडल्यासारखी लागून राह्यली. पेटंट होऊ द्या, दुसऱ्या दिवशी मशीन बसवतो. बिलकुल." मग हसून म्हणाला, "ह्या टायमाला भाषण-बिषण न्हाई ना?"

गजाननही हसला. हसायलाच हवं होतं. हरिओम चहा सांगायला गेला.

"सर! वळखलं का?"

पिकअपमधून क्रेट उतरवणाऱ्या माणसांतून कडूबा पुढे आला. वाकला होता, पण आवाज तोच.

"मामा! ओळखलं की. कसं काय?"

"चालून राह्यलंय. तुमचा लेप म्या घरी लावून पाह्यला, सर. लई खटपट केली. गाठी मोडल्या, चकाकी बराबर आली. पर पंधरा दिसांनी आतून वासच मारायलाय. गिऱ्हाईक तोंडावर फेकायलं. मंग सोडून देलं." तो जवळ आला. "त्या वासाला काय इलाज हाय का हो?"

होता. एका वाक्यात सांगता येईल एवढा होता, स्वयंपाकघरात सापडेल असा, आणि तो काय होता हे इथं लिहायचीसुद्धा सोय नाही. अंतराला तो सापडला तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत नाचली होती... सांगितला तर कडूबाचा हा बहार वाचेल. कदाचित. आणि बाकी सगळ्यांचे पुढचे सगळे बहार? आणि ती काचेची भांडी? वाक्य जिभेवर आलं होतं, त्याची चवसुद्धा कळत होती. कडूबा तोंडाकडे पाहत होता, सत्काराच्या दिवशी पाहत होता तसाच, विश्वासाने.

"शोधतोय, मामा," गजानन म्हणाला. "अजून न्हाई सापडलं."

न्हाई. आपण त्याच्याच बोलीत खोटं बोललो, गिळायला सोपं जावं म्हणून, हे त्याच्या ध्यानात आलं.

"सापडंल, सर," कडूबाने त्याच्या दंडाला हात लावला. "तुम्हालाच सापडंल. आन् सापडलं का तुम्ही सांगतालच. लपवून ठेवणारं माणूस न्हाई तुम्ही."

तो क्रेट उतरवायला परत गेला. गजानन तिथंच उभा राहिला. जे बरोबर होतं तेच केलं होतं. सोमवार होऊन जाईल, पेटंट मिळेल, यंत्र बसेल, आणि मग कडूबाला लेप दुकानात विकत मिळेल – हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीही उपयोगी पडत नव्हतं. त्याला वाटलं होतं, जीभ अडखळेल. तसं काहीच झालं नाही. खोटं अगदी सहज आलं, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखं. वाईट याचंच वाटत होतं.

फोन वाजला.

"सर, काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"कुणी विचारलं का?"

कडूबा दोन्ही हातांनी क्रेट पोटाशी धरून पट्ट्याकडे चालला होता. त्याच्याबद्दल तिला सांगावं, असं गजाननच्या अगदी ओठावर आलं.

"नाही," तो म्हणाला. "कुणी नाही विचारलं."