मी जुनं पुसू दिलं नाही

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही. माझा पंखा घरघरतो, पत्र्याला एका बाजूने पोचा आला आहे आणि माझ्या डोक्यावर कोणी ना कोणी चहाचा कप ठेवतं. ठेवू दे. मित्रांनो, तुम्ही एका म्हाताऱ्याची रडकथा ऐकायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

तरुणपणी मी एका ऑफिसात होतो. दिवसभर हिशेब केले, पत्रं छापली, आणि नवे कॉम्प्युटर आले तशी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. डोक्यावर मोडक्या खुर्च्या आणि पायाशी झुरळं, असा संसार होता. तिथून मला ताईने उचललं. अंध मुलांच्या एका शाळेतले सगळे कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची.

कॉम्प्युटर नव्याने उभा करायचा म्हणजे त्यात आधी ऑपरेटिंग सिस्टिम भरावी लागते. ती शेकडो लहानमोठ्या पॅकेजांची बनलेली असते, आणि ही पॅकेजं इंटरनेटवरच्या लांबच्या कोठारातून आणावी लागतात. शाळेचं इंटरनेट तर मुंगीच्या पावलांनी चालायचं. एक कॉम्प्युटर भरता भरता दिवस मावळायचा, आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"रोज उठून दुकानात कशाला पळायचं? एकदाच आणून घरात भरून ठेवू," असं म्हणून ताईने मला मोठी डिस्क बसवली आणि त्या कोठाराचा मिरर केलं. मिरर म्हणजे आरसा. पण समोर येईल ते दाखवणारा आरसा मी नव्हतो. तिने निवडून निवडून भरलं. खेळ वगळले. "आधीच वात्रट आहेत कार्टी," ती म्हणाली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज घेतला, ठिपक्यांच्या लिपीची साधनं घेतली. काही पॅकेजं तिने स्वतःच बांधली आणि त्यांवर शाळेची डिजिटल सही केली, म्हणजे भलतंसलतं कोणी घुसवलं तर ते दारातूनच परत जावं. मग काय! कॉम्प्युटरला माझी केबल लावायची, बटण दाबायचं आणि ताईने चहाला जायचं. ती येईपर्यंत तो कॉम्प्युटर बोलायला लागलेला असायचा. तेव्हा माझं कोण कौतुक व्हायचं!

शाळेच्या तळघरात छापखाना होता. तिथलं लोखंडी यंत्र कागदावर उठावाचे ठिपके ठोकायचं आणि त्यातून मुलांची पुस्तकं तयार व्हायची. यंत्र चालवणाऱ्या मावशींना स्वतःला दिसत नव्हतं. ताज्या पानावरून त्या बोटं फिरवायच्या आणि चूक सापडली की ओरडायच्या, "कुठल्या आंधळ्याने टाइप केलंय हे?" मग स्वतःच खो खो हसायच्या.

ते यंत्र एकाच जुन्या जातीच्या कॉम्प्युटरशी जमवून घ्यायचं. लांबच्या कोठाराने त्या जातीची पॅकेजं हळूहळू बंद केली. ताईने मात्र माझ्याकडची एका जुन्या फोल्डरमध्ये तशीच राहू दिली.

पुढे ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना तिने तिच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना बजावलं, "त्या जुन्या फोल्डरला हात लावू नका हं." साहेब फोनमध्ये बघत "हो हो" म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण टापटिपीचं भारी वेड.

"मिरर आहे ना हा? मग तिकडे आहे तेच इकडे हवं. तिकडे नाही ते इथेही नको," असं म्हणून त्यांनी मला हुकूम दिला. आधी सगळं नवं आणायचं, आणि शेवटी तिकडे नसेल ते पुसून टाकायचं.

मी आणायला लागलो. नवी पॅकेजं एकेक गलेलठ्ठ. माझी डिस्क काठोकाठ भरली आणि मी थांबलो. पडद्यावर लिहून टाकलं: जागा नाही, आणणं अपुरं, म्हणून पुसणं रद्द. साहेबांचं म्हणणं, पॅकेजं आणणाऱ्या प्रोग्रामचा तो नियमच आहे. आणणं पुरं झालं नाही तर तो पुसत नाही. म्हणोत बापडे. पोट माझं होतं आणि नकारही माझाच होता.

"या डबड्याला भंगारात काढतो एकदाचा!" साहेब चिडले आणि जुना फोल्डर आपल्या हाताने उडवायला बसले. तेवढ्यात भिंतीला हात लावत मावशी आत आल्या.

"साहेब, छापखान्यातला कॉम्प्युटर गेला. सुरूच होत नाही. पोरांची परीक्षा तोंडावर आली आणि पुस्तकं अर्धीच छापून झालीत."

"नवा देतो की, मावशी."

"नव्याला आमचं यंत्र ओळखत नाही. जुन्यालाच उभा करा."

साहेबांनी लांबच्या कोठारात शोधलं. नव्हतं. आणखी एका कोठारात पाहिलं, तिथेही नव्हतं. मग त्यांची नजर समोरच्या फोल्डरवर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला.

"कुठे मिळेल का हो?" मावशींनी विचारलं.

"इथेच आहे," साहेब हळूच म्हणाले. "अजून आहे."

दुपारी तळघरातून ठोक्यांचा आवाज वर आला आणि माझा पंखा उगाचच जोरात फिरला. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता, आणि साहेबांची जिरली याचाही झाला होता. त्यांनी तो पुसायचा हुकूम काढून टाकला आणि जुन्या फोल्डरची प्रत दुसऱ्या एका डिस्कवरही ठेवली. मला मात्र ते अजून डबडंच म्हणतात.

मित्रांनो, अशा वेळी हात जोडून "मला जपा" म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. मला उद्या खुशाल भंगारात घाला. पण पुसायचं बटण दाबण्याआधी स्वतः तळघरात उतरा आणि तिथे बसलेल्या माणसाला विचारा, हे अजून लागतं का? आणि पायऱ्या उतरायचा कंटाळा येत असेल, तर पुसू नका.