तीन नावं

शिलाईच्या कारखान्यात मास्तर बावीस वर्षं कापड कापत होते. नव्या मॅनेजरने एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"मास्तर, तुम्ही मला वडिलांच्या जागी. हल्ली बायकांचं कामात मन नाही. काय खुपतंय त्यांना? इथलं इथंच राहील."

मास्तर विरघळले. काम भरभर व्हावं म्हणून कारखान्याने मशीनच्या सुईपुढची बोटं वाचवणारी जाळी काढली, तेव्हापासून बायकांच्या बोटात सुया घुसताहेत, असं त्यांनी सांगितलं.

"अरेरे, कोणाच्या?" मॅनेजरने काळजीने विचारलं.

मास्तरांनी भाबडेपणाने तिघींची नावं घेतली. त्यातली एक त्यांच्या धाकट्या भावाची बायको होती.

सोमवारी तिघींना कामावरून काढलं. कारण काय, तर कामात हयगय. भावजयीने जाब विचारला, तेव्हा मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "मला काय विचारता? नावं तुमच्या भावोजींनीच दिली."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, जाळ्या बसवाल म्हणून सांगितलं मी!"

मॅनेजर केव्हाच पाठ फिरवून गेला होता. मास्तरांनी कात्री टेबलावर टाकली आणि भावजयीला फाटकाशी गाठलं.

"अगं, माझं ऐकून तरी घे."

"घरी आलात तर जेवायला वाढीन, भावोजी," ती पट्टी बांधलेलं बोट मुठीत धरत म्हणाली. "पण मनातलं काही सांगणार नाही."

मास्तर परत आत गेले नाहीत. आत बायका मान खाली घालून शिवत होत्या, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.