सानवीची जागा

पालीच्या अंगणवाडीत वासंतीची उभी हयात गेली, पण बालवाडीत जागा मिळत नाही ही भानगड तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना. जागा मिळत नाही म्हणजे काय? पोरं ती केवढी, त्यांना लागते ती जागा केवढी! जरा सरकून बसा रे, म्हटलं की झाली जागा. नाक गळणारं असो, चावणारं असो, शेजारच्या गावाचं असो, दारात आलेलं पोर तिनं कधी परत पाठवलं नव्हतं. आणि आता तिच्याच नातीला, सव्वा वर्षाच्या सानवीला, आयर्लंडात कुणी दारात उभं करायला तयार नव्हतं.

मुलगा रितेश आधीच तिकडं गेला होता. सून वेदिका नर्स. तिलाही डब्लिनच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. दोघं कामावर गेल्यावर पोरीला सांभाळायचं कुणी? तिकडं त्यासाठी क्रेश असतात म्हणे. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वासंतीच्या छातीत धस्स झालं. तिला वाटलं विमानच पडलं. वेदिका रोज दुपारी फोन घेऊन बसायची आणि रोज तेच उत्तर यायचं, वेटिंग लिस्ट.

"आई, तिथले लोक पोट दिसायच्या आधीच बाळाचं नाव घालून ठेवतात."

"बारशाच्या आधी नाव? मुलगा की मुलगी ते तरी कळतं का त्यांना?"

"नाव घालतात म्हणजे नंबर लावतात हो."

"मग नंबर म्हण ना गो! नाव काय म्हणतेस?"

घरात एवढं मात्र पक्कं ठरलं होतं. जागा मिळाली तर सानवी आईबरोबर जाणार. नाही मिळाली तर मिळेपर्यंत, वर्षभर का होईना, पालीला आजीजवळ राहणार. वासंती तोंडानं म्हणायची, "मिळेल गो, काळजी नको करू," आणि मनात म्हणायची, नको मिळू दे. मग स्वतःचीच लाज वाटायची. आईपासून लेकरू तोडायला निघाली, आणि म्हणे अंगणवाडीची बाई! पण सानवी मांडीवर बसून मऊ भाताच्या वाटीकडं बोट दाखवत "मंमं" म्हणाली, की लाज कुठल्या कुठं पळायची. पोरीला अजून आई म्हणता येत नव्हतं, बाबा तर नाहीच. येत होता तो हा एकच शब्द, आणि तो आजीनं शिकवला होता.

शेवटी वेदिकाच म्हणाली, "आई, देवाला कौल लावून बघता का?" शिकलीसवरलेली सून हे म्हणते म्हणजे तिनं हात टेकले, हे वासंतीला कळलं. ती देवळात गेली. लवू गुरवानं देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"कसला गाऱ्हाणा घालू, बाय?"

"जागेचं. आयर्लंडात जागा मिळत नाही."

लवूला एवढं पुरलं. त्याच्याकडं येणारी निम्मी माणसं जागेच्याच भांडणापायी यायची. त्यानं हात जोडून आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, हिच्या लेकराची परमुलखात जागा अडकली हाय. कोण भाऊबंद आडवा आला असंल त्याला बाजूला कर. हद्दीचा दगड कोणी सरकवला असंल तर तो जाग्यावर आण..."

"होय म्हाराजा," वासंती म्हणाली. खरं तर लवूला थांबवायला एक शब्द पुरला असता, पण तिनं तो काढला नाही. देवाला प्रश्नच चुकीचा गेला तर त्याचं उत्तर आपल्याला कशाला बांधील? तेवढ्यात पाकळी पडली. उजवी.

घरी येऊन तिनं तसं सांगितलं तेव्हा वेदिकाचे डोळे भरून आले. आपण देवाला फसवलं, सुनेला फसवलं, की स्वतःलाच, हे काही वासंतीला उमगेना. आयर्लंडात भातशेती मिळायची असेल तर मिळो बापडी, असं म्हणत ती चुलीकडं वळली.

त्याच आठवड्यात एका दुपारी वेदिका मागच्या पडवीत कपडे धूत होती आणि वासंती सानवीला भरवत होती. वेदिकाचा फोन वाजला. वासंतीनं उचलला.

"हॅलो, इज दॅट सानवीज मॅमी?"

वासंतीनं हातातल्या वाटीकडं पाहिलं. मंमं? एवढ्या लांबून या बाईला पोरीच्या जेवणाची काळजी! वासंतीला ती एकदम आवडूनच गेली. "येस, येस! सानवी मंमं गुड."

"ग्रँड!" बाई खुशीत म्हणाली.

ग्रँड म्हणजे ग्रँडमदरच! आवाजावरून आजी ओळखली! वासंती थक्क झाली. मग बाई भराभर बोलत सुटली. वासंतीचं इंग्रजी रंग, फळं आणि वारांपुरतं, पण त्यातूनही प्लेस कळलं, मंडे कळलं, अनदर बेबी वेटिंग कळलं. शेवटी बाई थांबली. "सो, मॅमी? येस ऑर नो?"

आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅमी म्हणजे आई. ही बाई मलाच आई समजते आहे.

इथं ना लवू होता, ना पाकळी. कौल तिलाच द्यायचा होता. एक नो म्हटलं की वर्षभर ही पोर आपली, आणि वेदिकाला पत्ताही लागणार नाही. सानवी भात लागलेलं तोंड पुढं करून तिच्याकडं बघत होती, आणि पलीकडं कुणी एक बाई दार धरून विचारत होती, घेऊ का आत?

दारातून पोर परत पाठवायची वासंतीच्या जिभेला सवयच नव्हती. "येस," ती म्हणाली. "येस. सानवी कम."

वेदिका हात पुसत आत आली. "कुणाचा फोन?"

"क्रेशवाल्या बाईचा. जागा मिळाली. मी हो म्हटलं."

वेदिका तिथंच सानवीशेजारी बसली. हसू की रडू हे तिलाही कळत नव्हतं.

"मला नको होती मिळायला," वासंती बोलून गेली.

"मला कळत होतं ते, आई," वेदिका हळूच म्हणाली.

सानवीनं वाटीवर हात आपटला. "मंमं!"

वासंतीनं घास कालवला. "हे बघ, तिकडं ही मंमं म्हणाली, की त्या बायकांना वाटेल आईला बोलावते आहे. तुझा फोटो दाखवत बसतील. त्यांना आधीच सांगून ठेव गो. भूक लागलीय म्हणावं तिला."