सलोनीचं पथ्य

आमच्या सदाशिव पेठेत सल्ला फुकट मिळतो, आणि तोही न मागता. माझी नात सलोनी तीन वर्षांची. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे इसब, पोर रक्त निघेपर्यंत खाजवायची. झालं, जो तो डॉक्टर! शेजारच्या रतनताई म्हणाल्या, दूध बंद करा. कुणी म्हणालं शेंगदाणे, कुणी वांगं, कुणी गहू. चिरंजीव आमोद कंपनीतर्फे अमेरिकेत. त्यानं तिकडून इंटरनेटवर वाचून टोमॅटो बंद केला. आमची ही, कुसुम, पथ्याच्या बाबतीत महाकडक. तिनं सगळ्यांचंच ऐकलं. पोरीच्या ताटात उरला भात आणि मुगाचं वरण. दूध मागितलं की आजीचा ओरडा. खाज होती तशीच.

"आता हवा तेवढी बंद करायची राहिली," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा," कुसुम म्हणाली.

सून नीरजा यवतमाळची. हिंजवडीत नोकरी, तोंडातून ब्र काढायची नाही. पण त्या दिवशी फ्रॉक बदलताना तिला लेकीच्या बरगड्या दिसल्या. तिनं रजा टाकली.

"आई, रागावू नका. पण आज मी कुणाचंच ऐकणार नाही, हिला डॉक्टरांकडे नेणार."

"जा बाई, मुलगी तुझीच आहे!" कुसुम फणकारली. आणि मग स्वतःच चपला घालून रिक्षात बसली. डॉक्टरांना पथ्य नीट सांगायला नको का?

मीही बरोबर गेलो. त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कुसुमनं सगळं पथ्य ऐकवलं. बाईंनी आधी सलोनीला वजनकाट्यावर उभं केलं आणि विचारलं, "हे सगळं बंद कुणी केलं?" कुसुम पंख्याकडे बघायला लागली.

तपासण्या झाल्या. ॲलर्जी निघाली ती फक्त अंड्याची. आमच्या घरात अंडं येतच नाही! म्हणजे पोर उगाचच उपाशी राहिली होती. मला असा संताप आला की काय सांगू.

बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "इसब आणि ॲलर्जी पुष्कळदा जोडीनं येतात. पण म्हणून प्रत्येक इसब खाण्यामुळे होत नाही. हिची कातडी मुळात कोरडी आहे, तिला बारीक भेगा पडतात. त्यातून धूळ, अन्नाचे कण आत जातात आणि उलट नव्या ॲलर्जी जडू शकतात. आधी कातडी सांभाळा."

आंघोळीचं कढत पाणी आणि अंगाला चोळायचं डाळीचं पीठ थांबलं. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग ओलसर असतानाच दाट मलम, लाल चट्ट्यांवर बाईंनी दिलेलं औषध त्या सांगतील तेवढेच दिवस, अंगात सुती कपडे. अंडं सोडून बाकीचं एकेक करून पुन्हा सुरू करायचं. मलम चोपडायचं काम कुसुमनं स्वतःकडे घेतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. चट्टे फिके पडले. पोर शांत झोपायला लागली.

मग एका सकाळी कुसुमनं दुधाचा पेला सलोनीपुढे धरला. पोरीनं पेल्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आजी, मी नाही मागितलं," ती म्हणाली.

कुसुमचा बांध फुटला. "पी गं माझे राणी, पी!" ती रडत म्हणाली, आणि तिनं दारात उभ्या नीरजाचा हात घट्ट धरला. "तू ऐकलं नाहीस माझं, फार उपकार झाले गं."

सलोनी एका दमात पेला रिकामा करून म्हणाली, "अजून."